हेड्स-अप पोकर: बटणाचा फायदा आणि ब्लाइंडचा खर्च कसा मोजायचा

दोघांच्या (हेड्स-अप) होल्डममध्ये, म्हणजे हातातले दोन आणि टेबलावरचे पाच सामायिक पत्ते असलेल्या पोकरमध्ये, पहिला गोंधळ बटणावरूनच होतो, म्हणजे वाटणाऱ्याची खूण असलेल्या चकतीवरून. ज्याच्यापुढे बटण, स्मॉल ब्लाइंड (सक्तीने आधीच टाकायची छोटी रक्कम) त्याचाच; समोरचा दुप्पट, म्हणजे बिग ब्लाइंड टाकतो. फ्लॉपआधी (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) तो आधी बोलतो, म्हणजे पहिला निर्णय घेतो. फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हरला (पाचवा पत्ता) शेवटी. घरगुती डावात सवयीने बटणवाल्याकडून बिग ब्लाइंड घेतला, तर तो चारही फेऱ्यांत शेवटी बोलतो आणि डाव एकतर्फी होतो.

तीन पत्तीत बूट सगळ्यांचा सारखा असतो. इथे बटणवाला निम्मेच भरतो आणि जागाही चांगली त्याचीच. या जागेची किंमत किती? २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघांचा लिमिट होल्डम (बेटची रक्कम ठरलेली) जवळपास सोडवला. दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर बटणवाला दर हाताला (एका डावाला) सुमारे ०.०८८ बिग ब्लाइंड कमावतो, असं निघालं. नो-लिमिटला (हवी तेवढी बेट) हा आकडा जसाच्या तसा लावू नका, पण दिशा तीच.

हिशेबाची सुरुवात शून्यापासून करू नका, हीच बहुतेकांची चूक. ब्लाइंड ५०/१०० धरा. बटणावर फोल्ड केलं (पत्ते टाकून दिले) की ५० गेले, बिग ब्लाइंडवर फोल्ड केलं की १००. म्हणून बिग ब्लाइंडवर एखादा हात खेळून सरासरी ८० गेले, तरी फोल्डपेक्षा २० वाचले. नुसतं फोल्ड करत बसलात तर शंभर हातांत ७५ बिग ब्लाइंड संपतात.

बटणावर: २०० पर्यंत रेज केलीत (बेट वाढवलीत), तर पॉटमधल्या (मधे जमलेल्या) १५० साठी आणखी १५० लावता. समोरच्याने निम्म्या वेळा फोल्ड केलं की पत्ते न बघताही बरोबरी होते. २५० ला ५७ टक्के फोल्ड लागतात, ३०० ला ६२.५. म्हणून छोटी रेज आणि भरपूर हात.

बिग ब्लाइंडवर: २०० च्या रेजला १०० टाकून (कॉल करून) ४०० चा पॉट होतो, म्हणजे जिंकण्याच्या शक्यतेनुसार पॉटचा २५ टक्के वाटा पुरतो. २५० ला ३० टक्के, ३०० ला ३३. आता मेख बघा. बदामाची सत्ती आणि किलवरची दुर्री कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध शेवटपर्यंत उघडी ठेवली तर जवळपास ३५ टक्के जिंकते. मग कॉल? नाही. आधी बोलावं लागत असल्याने तो वाटा हातात पडतच नाही. रिव्हर दिसण्याआधीच बहुतेकदा फोल्ड करावं लागतं. एकाच रंगाचे (उदा. दोन्ही बदामाचे), लागून असलेले पत्ते मात्र वाट्याचा मोठा भाग वसूल करतात.

जवळून बघू. तुमच्याकडे अठ्ठी-सत्ती, फ्लॉपवर राजा, अठ्ठी, तिर्री, पॉट ४००. बिग ब्लाइंडवरून चेक केलंत (पैसे न लावता पाळी पुढे दिलीत), समोरून १३० आले, कॉल केलंत. टर्नला पॉट ६६०, पुन्हा चेक, समोरून ४५०. अठ्ठ्यांची जोडी पुढे आहे की राजाखाली दबली आहे, हे कळायला आता पैसेच मोजायचे, आणि रिव्हरची बेट अजून बाकीच. हाच हात बटणावर असता, तर समोरच्याच्या चेकवर तुम्हीही चेक करून टर्न फुकट बघितला असता. पॉट किती वाढवायचा हे तुम्ही ठरवता, जागेची किंमत म्हणजे मुख्यतः हेच.

म्हणून स्टॅक (तुमच्यापुढच्या चिप्स) उथळ झाला की ही किंमत घसरते. १०० बिग ब्लाइंड असताना तीन फेऱ्या बेटिंगला वाव असतो. १० वर आल्यावर फ्लॉपनंतर उरतंच काय? तिथे बटणावर बहुधा ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) किंवा फोल्ड. ब्लाइंडसोबत आणखी १०० चा अँटे (आधीच टाकायची जादा रक्कम) असेल तर पॉट २५० पासून सुरू होतो, २०० च्या रेजला ३७.५ टक्के फोल्ड पुरतात, आणि बचावालाही २० टक्केच लागतात. दोघांनीही जास्त हात खेळायचे.

फुकट चिप्सच्या सरावात कोणी फोल्ड करत नाही, त्यामुळे वरचे फोल्डचे टक्के तिथे निरुपयोगी. मोठी रेज, तीही चांगल्या पत्त्यांवर.

नोंद दोन रकान्यांत ठेवा: बटण वेगळं, बिग ब्लाइंड वेगळा. काहीशे हातांवर निष्कर्ष काढू नका, नशिबाचे चढउतार फार मोठे असतात. काही हजार हातांनंतर बिग ब्लाइंडची सरासरी उणे १०० पेक्षाही वाईट असेल, तर तुमचं खेळणं फोल्डपेक्षा महाग पडतंय. आधी ३०० च्या रेजवरचे वेगवेगळ्या रंगांचे, विस्कळीत हात काढून टाका, मग जोडी किंवा ड्रॉ (चांगला पत्ता आल्यास पूर्ण होणारा हात) नसताना केलेले फ्लॉपवरचे कॉल.