सोयाबीनमधलं तण: आधी मोबाईलवर नकाशा, मग पंप

तणनाशक सगळ्या रानात एकसारखं मारायची सवय लागलीये आपल्याला, पण तण कुठं एकसारखं येतं? केना पाणी धरणाऱ्या खोलगट जागेत, गाजर गवत बांधाकडून आत, आणि लव्हाळ्याच्या तर गाठीच जमिनीत राहतात म्हणजे पुढच्या खरिपातही तो तिथंच निघणार. म्हणून एकदा केलेला नकाशा पुढच्या हंगामालाही कामाला येतो.

पेरणीनंतर १२-१५ दिवसांनी रानात फिरा. तणाचा पट्टा दिसला की मधोमध उभं राहून गुगल मॅपवर पिन सेव्ह करायची आणि नाव द्यायचं, "केना, १२ पावलं बाय ८". पावलं यासाठी की मोबाईलचं लोकेशन काही मीटर इकडंतिकडं होतंच. रान मोठं असेल तर ड्रोनवाल्याकडून फोटो काढून घ्या, पण ओळी मोकळ्या दिसतायत तोवरच, पानं भिडली की सगळंच हिरवं. सॅटेलाईटचं म्हणाल तर युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका १० बाय १० मीटर म्हणजे जवळपास अख्खा गुंठा, त्यात जुलैचे ढग, आणि हिरवं दिसलं तरी ते तण की सोयाबीन हे कळत नाही, ॲप विकणारा काहीही सांगो.

औषध पिनच्या नावावरून ठरवा. नुसतं अरुंद पानांचं गवत असेल तिथं क्विझालोफॉप हे तणनाशक चालतं, केना-लव्हाळ्याला ते काहीच करत नाही. रुंद पानांचं मिसळलेलं असेल तर इमॅझेथापायर १०% एसएल (पाण्यात विरघळणारं द्रावण), एकरी ४०० मिली, तण २-४ पानांवर असताना आणि जमिनीत ओल असताना. लेबल वाचाच.

खरा घोळ डोसमध्ये होतो, कारण ठिपक्या-ठिपक्यानं मारताना हात सैल सुटतो आणि जास्त पडलं की सोयाबीन पिवळं पडून खुरटतं, वर जमिनीत औषधाचा अंश राहिला तर रब्बीच्या पिकाला नडतो. त्यामुळे आधी ३३ बाय ३३ फूट म्हणजे बरोबर एक गुंठा आखा, फ्लॅट फॅन (पंख्यासारखा सपाट फवारा देणारं) नोझल लावा, नेहमीच्या चालीनं साधं पाणी फवारा आणि किती लागलं ते मोजा. समजा ४ लिटर लागलं, तर एकरी १६० लिटर, म्हणजे १६ लिटरचे १० पंप, म्हणजे पंपाला ४० मिली. आता नकाशावरचे पट्टे मिळून १२ गुंठे भरले तर फक्त ३ पंप, १२० मिली. अख्ख्या एकराचं औषध ओतायचं कशाला?

फवारणीचा ड्रोन मात्र शेजारी कपाशी असेल तर नकोच, वाऱ्यानं उडालं तर भांडण ठरलेलं.

आठ-दहा दिवसांनी परत पिनवर जाऊन बघा, जे जिवंत राहिलंय त्याला बी धरायच्या आत निंदून काढा आणि पिनमध्ये तशी नोंद करा. गाजर गवत फुलाआधीच उपटायचं, हातमोजे घालून.