डायमेन्शनचे आकडे बारीक दिसतात? आधी एक्स्प्लोडवरचा हात काढा

भोसरीतल्या आमच्या ऑफिसमध्ये दर पावसाळ्यात नवी पोरं येतात. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या कमांड तोंडपाठ, हात माझ्यापेक्षा चपळ. पण डायमेन्शनचा, म्हणजे रेघ-बाण लावून दाखवलेल्या मापाचा, आकडा मुंगीएवढा दिसला की सगळ्यांना एकच औषध सुचतं: एक्स्प्लोड मारा, आकडा पकडा, स्केलने फुगवा. झालं काम!

काम होत नाही, बिघडतं. एक्स्प्लोड केलं की ते डायमेन्शन उरतच नाही. राहतात सुट्या रेघा, बाण आणि एक मुका टेक्स्ट, माप बदललं तरी न बदलणारा.

शेडच्या खांबांच्या बेसप्लेटचं ड्रॉइंग होतं. बोल्टच्या भोकांचं अंतर १८० मिलिमीटर. आकडे ठळक दिसावेत म्हणून आमच्या एका पोरानं सगळं एक्स्प्लोड केलं. आठवड्यानं रिव्हिजन आली, अंतर २००. त्यानं भोकं नेमकी २००वर सरकवली, आकडा मात्र १८०च राहिला. चेकिंग माझं होतं, मीही नुसती भोकं बघून सही केली. वर्कशॉपवाला पट्टी लावून ड्रॉइंग मोजत नाही, आकडा वाचतो. चोवीस प्लेटा १८०ला ड्रिल झाल्या आणि साइटवर काँक्रीटमधून बोल्ट २००वर उभे! शनिवारी संध्याकाळी फोन: "साहेब, प्लेट बसंना." नव्या प्लेटा आमच्या खर्चानं गेल्या.

माझी पद्धत साधी आहे. डिमस्टाईल, म्हणजे डायमेन्शन कसं दिसावं याची सेटिंग, उघडायची, टेक्स्ट हाइट २.५ ठेवायची, म्हणजे कागदावर जेवढी हवी तेवढीच. मग फिट टॅबमधला ओव्हरऑल स्केल १:१०० साठी १००, १:५० साठी ५०. मिलिमीटरमधल्या ड्रॉइंगमध्ये १:१००ला आकडा आपोआप २५० उंच होतो. काहीजण थेट टेक्स्ट हाइटमध्येच २५० टाकतात. मग बाण आणि गॅप तेवढेच इवलेसे राहतात, आणि डायमेन्शन दिसतं बेडकाच्या पिल्लासारखं: नुसतं डोकं.

आता दुसरा छळ. "सर, हाइट बदलली तरी आकडा हलत नाही." अर्धा तास ओके-कॅन्सल, ओके-कॅन्सल चाललेलं असतं. अरे बाबा, डिमस्टाईलला जोडलेल्या टेक्स्ट स्टाईलमध्ये कुणीतरी उंची ठोकून ठेवली आहे, ती सोडून आकडा दुसरं काही ऐकणार नाही. स्टाईल कमांड, हाइट शून्य, विषय संपला. जुन्या ड्रॉइंगमधून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांच्या फायलीत हे हमखास सापडतं.

लेबलचे मल्टीलीडर, म्हणजे बाण लावलेल्या टिपा, डिमस्टाईलचं ऐकत नाहीत, त्यांची स्टाईल वेगळी. डायमेन्शनवर हाताने आकडा टाइप करणाऱ्याला माझ्याकडे त्या दिवशी चहा नाही. अ‍ॅनोटेटिव्ह, म्हणजे स्केलप्रमाणे स्वतःचा आकार बदलणारी, डायमेन्शन्स व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवरच्या ड्रॉइंग दाखवणाऱ्या खिडकीत) गायब झाली तर ती डिलीट झाली म्हणून रडू नका, त्यांना त्या व्ह्यूपोर्टचं स्केल जोडा. आणि डिमअसॉक (DIMASSOC, डायमेन्शन वस्तूला जोडलेलं राहावं का हे ठरवणारी सेटिंग) टाइप करून बघा, २ हवं. तिथे ० असेल तर नवी डायमेन्शन्स जन्मतःच फुटलेली येतात.

शेवटी प्लॉट. ए-१ची शीट ए-३वर फिट करून काढली की सगळं निम्मं होतं, २.५चा आकडा सव्वा मिलिमीटर. ए-३ प्रत निघणार हे माहीत असेल तर मी आधीच ३.५ ठेवतो. निम्मे झाले तरी पावणेदोन उरतात, माझ्या चष्म्याला तेवढे पुरतात.