घोड्याचा ट्रेलर मागणाऱ्यांना 'नाही' कसं म्हणावं

इंदूरमध्ये घोडे पुष्कळ आहेत, पण घोड्यांचा ट्रेलर मोजक्यांकडेच आहे. बहुतेक घोडे पिकअपमध्ये नाहीतर आयशर ट्रकमध्ये चढवूनच हलवले जातात. त्यामुळे महू रोडवरच्या किंवा सिमरोलकडच्या एखाद्या फार्मवर ट्रेलर उभा दिसला, की तो कुणाचा हे लवकरच सगळ्यांना कळतं आणि तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात. कुणाला वरातीची घोडी न्यायची असते, कुणाला मुलीच्या स्पर्धेसाठी भोपाळ गाठायचं असतं, कुणाला दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणायचा असतो. मागणारे बहुतेक नात्यातले किंवा रोजच्या उठण्याबसण्यातले. नकार द्यायचाच आहे, पण घरोबाही टिकवायचा आहे. दोन्ही जमतं, फक्त तयारी फोन येण्याआधी करावी लागते.

आधी घरात एक नियम ठरवा: आपला ट्रेलर आपल्या गाडीशिवाय आणि आपल्या ड्रायव्हरशिवाय फाटकाबाहेर जात नाही. हा नियम मेहुण्यालाही लागू आणि क्लबातल्या साहेबांनाही. एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही म्हटलं, की दुसऱ्याला तो स्वतःचा अपमान वाटतो, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. कुणालाच देत नसाल तर रागावायला जागा उरत नाही. नियम घरातल्या प्रत्येकाला एकाच वाक्यात सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही नाही म्हणता आणि आई मागच्या दाराने 'ने रे बाबा' म्हणून मोकळ्या होतात.

सबब मात्र सांगू नका. 'टायर खराब आहे' म्हणालात तर समोरचा म्हणेल, 'मी नवीन टाकून देतो, मग तर झालं?' 'त्या दिवशी आम्हालाच लागणार आहे' म्हणालात तर तो तारीख बदलेल. 'लाइट बंद आहेत' म्हणालात तर त्याच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन संध्याकाळी दारात हजर. सबब ही अडचण असते आणि अडचण सोडवायला माणसं हौसेने धावून येतात. शेवटी तुमच्याकडे कारण उरत नाही आणि ट्रेलर जातो. नियम कुणाला सोडवता येत नाही.

उत्तर त्याच फोनवर द्या आणि 'नाही' पहिल्या दोन वाक्यांत येऊ द्या. 'बघतो', 'घरी विचारून कळवतो' म्हणालात की समोरचा माणूस दुसरी गाडी बघायचं थांबवतो. मग तुमचा नकार वरातीच्या आदल्या रात्री त्याच्या हातात पडतो, आणि तो मात्र खरंच लागतो. नकार लवकर देणं हाच त्यातला मोठा सभ्यपणा. क्रम असा ठेवा: कशासाठी हवाय ते नीट ऐकून घ्या, मग नियम, मग एकच कारण, मग लगेच कामाची मदत. चार कारणं दिलीत तर त्यातलं सगळ्यात कच्चं कारण धरून वाद सुरू होतो.

वडीलधाऱ्यांशी बोलताना: 'काका, रागावू नका, ट्रेलर आम्ही बाहेर कुणालाच देत नाही. इन्शुरन्स आमच्या गाडीवर आणि आमच्या ड्रायव्हरवर बांधलेला आहे. पण घोडा कसा न्यायचा ते आपण आत्ताच बसून ठरवू.'

रायडिंग शिकणाऱ्या मुलांच्या पालकांशी: 'वहिनी, ट्रेलर नाही देता येणार, तो नियम सगळ्यांनाच आहे. आम्ही स्वतः भोपाळला गेलो आणि जागा असली, तर तिचा घोडा आपल्या घोड्याबरोबर नेऊ. तारीख पक्की झाली की मीच फोन करेन.' हे शेवटचं वाक्य पाळायचं असेल तरच बोला.

वरातीच्या घोडीवाल्यांशी बोलणं हिंदीतच होतं, तेव्हा तिथे सरळ: 'भैया, ट्रेलर तो हम किसी को नहीं देते, पिकअप वाले का नंबर अभी भेजता हूँ।' आणि नंबर खरंच त्याच मिनिटाला पाठवा.

वर दिलेलं इन्शुरन्सचं कारण खरं असलं पाहिजे, म्हणून पॉलिसी काढून वाचा. कायद्याच्या दृष्टीने ट्रेलर हे 'मोटार वाहन'च आहे, त्याची नोंदणी आणि विमा दोन्ही लागतात. पॉलिसीत ओढणाऱ्या गाडीचा नंबर लिहिलेला आहे का, ड्रायव्हरबद्दल काय अट आहे, हे पाहून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे योग्य लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकही दोषी ठरतो. कलम १८० खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि रस्त्यात तिसऱ्या माणसाला इजा झाली तर नोटीस ज्याने ट्रेलर नेला त्याच्याबरोबर मालकाच्या नावानेही येते.

'फुकट नको, भाडं घ्या' असं म्हणणारा सगळ्यात अवघड. तो प्रामाणिकपणे बोलतोय आणि तुम्हाला वाटतं, आता कसं नाही म्हणू. पण इथे तर नकार आणखी पक्का हवा. खाजगी वाहनाच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो, पैसे घेतले की क्लेम गेलाच. शिवाय परमिट नसताना भाड्याची वाहतूक केली तर कलम १९२अ खाली पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड आहे आणि कैदेचीही तरतूद आहे. म्हणून म्हणा: 'पैशांचा प्रश्नच नाही हो. पैसे घेतले तर आमचा क्लेमच जातो.' डिझेलचे पैसेही हातात घेऊ नका.

आता, हा नियम इतका कडक का, हे स्वतःच्या मनात स्पष्ट असलं की आवाज डगमगत नाही. रिकामा दोन घोड्यांचा ट्रेलर साधारण ९०० किलोचा असतो. त्यात ४०० किलोचे दोन मारवाडी घोडे चढले की १,७०० किलो मागे लागतात, आणि हे वजन जिवंत असतं, वळणावर सरकतं. मागणाऱ्याच्या गाडीचा हुक बहुधा गॅरेजमध्ये वेल्डिंग करून लावलेला असतो. ट्रेलरचा कपलर, म्हणजे गाडीच्या बॉलवर बसणारं पुढचं तोंड, ५० मिलिमीटरच्या बॉलसाठी असेल आणि गाडीवर २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा बॉल असेल, तर कपलर वरून बसल्यासारखा दिसतो पण आत लॉक पूर्ण पडत नाही. तपासणी साधी आहे: कपलर लावल्यावर पुढचं छोटं चाक दोन-तीन फेरे फिरवून ट्रेलर वर उचलायचा. गाडीची मागची बाजू त्याबरोबर वर आली तरच लॉक बसलाय. ज्याने पहिल्यांदाच ट्रेलर ओढायला घेतलाय, त्याला हे माहीत नसतं. दोन साखळ्या कपलरखालून एकमेकींवर काट मारून लावायच्या असतात, तो त्या सरळ लावतो किंवा लावतच नाही. ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी वायर, साखळीलाच गुंडाळतो. लाइटची पिन जुळत नाही म्हणून इंडिकेटरशिवायच निघतो.

पुढे रस्ता. खंडवा रोडला भेरूघाट आहे, आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरच्या पुढचा गणपती घाट वर्षानुवर्षं ब्रेक फेलच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून गाडी सोडली की ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. खालच्या गिअरमध्ये उतरायचं असतं, आणि ते वर घाटाच्या तोंडाशीच ठरवायचं असतं. एकच घोडा असेल तर तो उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला उभा करायचा, कारण आपले रस्ते डावीकडे उतरते असतात. डावीकडे उभा केला तर ट्रेलर सतत कडेला ओढतो.

'घोडा नाही हो, फक्त सोफा आणि फ्रिज न्यायचाय' ही मागणी निरुपद्रवी वाटते, पण तिलाही तेच उत्तर. सामान चढवणारा माणूस जड वस्तू दाराशीच ठेवतो. मागे वजन गेलं की हुकावरचा दाब कमी होतो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार हुकावर हवा. शिवाय फ्रिजच्या पायांनी रबर मॅट फाटते, फटीतून घोड्याचं मूत्र खालच्या फळ्यांत मुरतं आणि फळी आतून कुजते. वरून काहीच दिसत नाही. हे नुकसान सोफावाल्याने केलं हे सिद्धही करता येत नाही, आणि पाय खाली जातो तो तुमच्या घोड्याचा.

रोगाचा धोका याहून मोठा. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग. तो झालेल्या घोड्याला कायद्यानेच मारावं लागतं, हा रोग माणसालाही होतो, आणि आजारी घोड्याच्या नाकातला स्राव लागलेल्या भिंती, बादल्या, दोऱ्या यांतून पसरतो. स्ट्रँगल्स हा घशाच्या गाठी सुजवणारा रोगही असाच पसरतो. उसना गेलेला ट्रेलर कुठल्या बाजारात, कुठल्या घोड्याशेजारी उभा होता हे कुणी सांगत नाही. घोडेवाल्यांना हेच कारण सगळ्यात लवकर पटतं, त्यांच्यासाठी इन्शुरन्सऐवजी हेच वापरा.

नुसतं 'नाही' कोरडं लागतं, म्हणून बदल्यात खरी मदत द्या. देवास नाका किंवा ट्रान्सपोर्ट नगरातले दोन-तीन पिकअपवाले आधीच पारखून ठेवा, ज्यांनी जनावरं नेली आहेत आणि जे हळू चालवतात. मागणाऱ्याला नंबराबरोबर एवढं लिहून पाठवा: ९ फुटी हौद्यात एकच घोडा घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांत घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा आणि प्रत्येकाला वेगळा कप्पा सांगितलेला आहे. तळाला काथ्याची चटई, तिच्यावर ३-४ इंच ओलसर वाळू. बाजूच्या जाळीला आतून पोत्यांची गादी. मोठ्या गाडीत घोडे जास्त असतील तर मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू आडवे बांधा आणि तोंडं डावीकडे, वाहनांच्या उलट बाजूला ठेवा. पशुवैद्याचा दाखला आणि एक माणूस घोड्याजवळ हवाच, आणि वेग ३५ किलोमीटरच्या वर नको. हे १९७८ च्या प्राण्यांच्या वाहतूक नियमांतच आहे. चढवायला फळी लावण्यापेक्षा गाडीची मागची बाजू शेताच्या बांधाला किंवा मातीच्या ढिगाला टेकवा, घोडा सहज चढतो. फळी हलली की बिथरतो. जमलं तर चढवताना स्वतः जाऊन उभे राहा. अर्धा तास जातो, पण त्या घराशी संबंध ट्रेलर दिल्यावर राहिला असता त्याहून चांगला राहतो.

काही जण पुन्हा विचारतात. तेव्हा नवीन कारण शोधू नका, तेच वाक्य त्याच शब्दांत, त्याच स्वरात सांगा. मध्यस्थ पाठवला तर त्यालाही तेच. 'दादा, तुम्ही आलात, बरं वाटलं, चहा घेऊनच जा, पण ट्रेलरचं उत्तर तेच आहे.' आधी कधी दिलेला असेल तर तो हवाला येणारच. 'तेव्हा दिला होता, आता नियम बदलला' एवढंच म्हणा आणि तारीख सांगा, म्हणजे नियम सगळ्यांसाठी एकदमच बदलला हे कळतं.

तुम्ही घरी नसताना माणसं मोतद्दाराला, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याला, गाठतात: 'साहेबांशी बोलणं झालंय, जोडून दे.' तो बिचारा मोठ्या माणसाला नाही म्हणू शकत नाही. म्हणून कपलरला लॉक आणि चाकाला क्लॅम्प लावा, दोन्ही किल्ल्या तबेल्यात न ठेवता घरात ठेवा, आणि त्याला एवढंच म्हणायला सांगा: 'किल्ली माझ्याकडे नाही, साहेबांना फोन लावून देतो.' त्याचा दोष येत नाही आणि ट्रेलरही हलत नाही.

या सगळ्याला अपवाद एकच, आजारी घोडा. कुणाचा घोडा पोटशुळाने लोळतोय, घामाने भिजलाय, लीद बंद आहे, असा फोन आला तर नियमाची भाषा नको. तरीही ट्रेलर देऊ नका, स्वतः घेऊन जा. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला निघण्याआधी फोन करा, पशुवैद्याने परवानगी दिल्याशिवाय घोडा चढवू नका, चारा काढून घ्या, मधला आडोसा काढून एकट्याला पूर्ण जागा द्या आणि त्याचा नेहमीचा माणूस बरोबर घ्या. परत आल्यावर मॅट बाहेर काढा, शेण-मूत साबणाच्या पाण्याने आधी पूर्ण धुऊन काढा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी असं फवारून दहा मिनिटं ओलं राहू द्या, धुवा, आणि ट्रेलर उन्हात उघडा ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत त्यात स्वतःचा घोडा चढवू नका.