पत्रिकेवर सुलेखनी फॉन्ट लावताना

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत जळगावात आमच्या टेबलावर पत्रिकांचा ढीग असतो. वळणदार सुलेखनी फॉन्ट फक्त वधू-वरांच्या नावांना लावा. तो मोठ्या आकारातच खुलतो. मुहूर्त, पत्ता 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त'सारख्या साध्या फॉन्टमध्ये घ्या, म्हणजे आजोबांनाही वाचता येईल.

अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि तुटक शिरोरेषेचं नाव मला बघवत नाही. 'कीर्ती', 'ज्ञानेश्वर' अशी नावं मोठी करून तपासा: रफार वेलांटीत अडकतो का, 'ज्ञ'ची गाठ भरून जाते का? सोनेरी फॉइल असेल तर बारीक रेघा थोड्या जाड करा, नाहीतर छापताना उडतात. प्रेसला फाइल देण्याआधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टची गरज न लागणाऱ्या आकृत्यांत बदला.