शॅमेलिऑनच्या केजमध्ये झाडं-फांद्या लावताना या चुका टाळा (माझ्या करून झाल्यात)

दर महिन्याला कोणी ना कोणी फोटो पाठवतंच. दोन बाय दोन बाय चार फुटाची चकाचक जाळीची केज, आत गच्च झाडं, वर बल्ब आणि मधोमध घाबरून काळपट पडलेला व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याची एक जात. "दादा, सेटअप कसा वाटतोय?" मी एवढंच विचारतो, झाडं कधी आणली? काल. आणि प्राणी? तोही काल. इथेच माझं डोकं फिरतं.

मी न्यू जर्सीत राहतो आणि व्हेल्ड पाळतो, मूळचा येमेन-सौदीकडचा, डोक्यावर उंच तुरा असतो तो. भारतातून विचारणाऱ्यांना आधीच सांगतो, शेताच्या बांधावर दिसतो तो आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे सरडगुहिरा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो घरी आणायचा नाही, विषय संपला.

नर्सरीतलं झाड थेट केजमध्ये

ही माझी सगळ्यात नावडती चूक. व्हेल्ड नुसता झाडावर बसत नाही, तो पानं खातो, त्यामुळे आपण जे झाड आत ठेवतो ते त्याच्या ताटात वाढल्यासारखंच आहे.

पहिल्या वर्षी मी एका मोठ्या दुकानातून जास्वंद आणली, टपोऱ्या कळ्या, एकाही पानाला भोक नाही. तेव्हा वाटलं वा, काय निरोगी झाड आहे! पानं धुतली आणि ठेवली आत. तिसऱ्या दिवशी बघतो तर त्याला खायला सोडलेले क्रिकेट (रातकिडे) कुंडीच्या आजूबाजूला उताणे पडलेत, दहा-बारा तरी असतील. मग कुंडीतला मातीत गाडला गेलेला टॅग उपसून वाचला तर इमिडाक्लोप्रिड, म्हणजे कीटकनाशक. हे औषध मुळातून रसात चढतं आणि पानापानात जातं, वरून कितीही धुवा, निघत नाही, आणि महिनोन् महिने राहतं. झाड त्याच मिनिटाला बाहेर काढलं. आमच्या साहेबांनी चार दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, ते औषधामुळे की मी केज उलटीपालटी केल्यामुळे ते मला आजही सांगता येणार नाही, पण ते चार दिवस मी पण धड जेवलो नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. शक्यतो विकतचं झाड नाहीच, ओळखीच्यांकडून कटिंग. दारूच्या रिकाम्या बाटलीत मनी प्लांट नाही असं मराठी घर दाखवा मला, तेच मागून आणायचं, पाण्यात दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. विकत आणलंच तर सगळी जुनी माती झाडून मुळं धुवायची, साध्या मातीत लावायचं, पानं साबणाच्या पाण्याने पुसायची आणि झाड खिडकीत ठेवून द्यायचं, मी तीन-चार महिने ठेवतो. मग एक-दोन पानं डब्यात टाकून क्रिकेटना खायला घालतो. ते जगले तर झाड आत. शास्त्र वगैरे काही नाही, माझी आपली सवय. "तीन महिने कोण थांबणार" म्हणणाऱ्यांनी मासे पाळावेत म्हणणार होतो, पण त्यांनाही घाई चालत नाही.

नर्सरीच्या मातीतले पांढरे पर्लाइटचे दाणे आणि खताच्या पिवळ्या-हिरव्या गोळ्या तो खातो, म्हणून माती बदलल्यावरही वर त्याच्या डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा.

कण्हेर, डिफेनबाखिया, चिकाचे शेर-निवडुंग नको. प्लॅस्टिकची पानं व्हेल्डला नकोच, तो तीही चावतो आणि पोटात अडकतात. शेफलेरा, स्पायडर प्लांट, जास्वंद बिनधास्त. तुळस ठेवू का असं विचारणारेही भेटतात, अहो तिला ऊन लागतं, महिन्यात काड्या होतील.

बाहेरून आणलेली फांदी

फुकटची फांदी आणायला माझी ना नाही, मी स्वतः सफरचंद आणि ओकच्या आणतो, गरम पाणी, तारेचा ब्रश आणि कडक उन्हात आठवडाभर. पाइनसारखी राळ गळणारी नको. पण ओळख पटल्याशिवाय हात लावू नका हे मी अंगावर काढून शिकलोय.

डिसेंबरात घरामागच्या झाडीत एक मस्त जाड वेल दिसली, एका खोडाला चिकटलेली, अंगभर तपकिरी केसांसारखी मुळं, पान एकही नाही. उघड्या हातांनी करवतीने कापली. दोन दिवसांनी मनगटापासून कोपरापर्यंत पाण्याचे फोड, एक डोळा सुजून बंद. व्हिडिओ कॉलवर आईने बघितलं आणि म्हणाली, "अरे, बिब्बा उतल्यासारखं दिसतंय हे." आणि माउली अगदी बरोबर होती! ती पॉयझन आयव्ही होती, बिब्ब्याच्या आणि आंब्याच्याच कुळातली. हिवाळ्यात पानं गळतात पण फोड आणणारं तेल वेलीत तसंच असतं, वाळल्यावरही. नशीब ती ओव्हनमध्ये घातली नाही की जाळली नाही, जाळल्यावर ते धुरातून छातीत जातं. आणि करवत न धुता ठेवलेली, पुढच्या मार्चमध्ये तिनेच दुसरी फांदी कापली तर परत फोड. आता मी झाडावर पान असतानाच फांदी निवडतो.

बाकी किरकोळ

त्याचा पाय म्हणजे चिमटा, एकीकडे दोन बोटं, दुसरीकडे तीन. त्यामुळे पेन्सिलीपासून अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच्या, खडबडीत सालीच्या, बऱ्याचशा आडव्या फांद्या लावा. दुकानातला गुळगुळीत गोल दांडा एकच एक, हे नको.

फांदी जाळीत नुसती अडकवू नका, झिप टायने फ्रेमला बांधा आणि हाताने दाबून बघा. हलली तर तो पडणार.

बल्बपासूनचं अंतर फांदीपर्यंत मोजू नका, त्याच्या तुऱ्यापर्यंत मोजा, भाजतो तो तुरा. तिथे थर्मामीटर ८५ फॅरेनहाइटच्या आसपास असला की बास.

पानं विरळ ठेवू नका. तो वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो, आणि लपायला जागा नसली की दिवसभर काळा पडून बसतो.

जास्वंद आता आत दोन आहेत, दोन्ही कटिंगच्या. पण फूल काही बघायला मिळत नाही, कळी लाल दिसायला लागली की हा खाऊन मोकळा. आई प्रत्येक चतुर्थीला विचारते, गणपतीला फूल कुठेय रे?