जुन्या गाडीचं पाणी कुठे जातं, ते आधी शोधा

कुंभार्ली घाट चढून आलेली जुनी गाडी पाटणला माझ्या गॅरेजपाशी थांबली, की मालक म्हणतो, "जरा पाणी भरून द्या, गाडी गरम होतेय." पाणी भरायला अडचण काहीच नाही. पण मी आधी विचारतो, "मागं कधी भरलं होतं?" उत्तर "आठ-दहा दिवसांपूर्वी" असं आलं, तर निम्मं निदान तिथंच झालं. कूलिंगचं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, ते पेट्रोलसारखं खर्च होत नाही. कमी झालं म्हणजे कुठूनतरी गेलं. ती जागा सापडेपर्यंत ओतलेलं पाणी दुखणं फक्त पुढं ढकलतं.

उदाहरणाला मारुती ८०० घेतो. १९८३ ते २०१४ अशी ही गाडी बनत राहिली, आणि आमच्या तालुक्यात अजूनही पुष्कळ चालतात. तीन सिलेंडर, ७९६ सीसी, हेड, म्हणजे सिलेंडरांवर बसणारा इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. एकदा चांगलं तापलं की असं हेड वाकतं, आणि मग शंभर-दोनशेच्या होज पाईपचं काम हजारोंच्या घरात जातं. ओम्नी असो, जुनी सुमो असो, बोलेरो असो, शोधायचा क्रम हाच.

सुरुवातीलाच एक गोष्ट. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी असतं. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी त्याच क्षणी उसळतं आणि तोंडा-छातीवर येतं. वरचा जाड होज हाताने सहज दाबता येईल इतका थंड झाला, की मगच झाकणाला हात. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

आता कामाला लागू. सकाळी गाडी थंड असताना रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा. रात्री इंजिनखाली जुना पुठ्ठा पसरा. दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि रोज सकाळी दोन्हीकडे बघा. बऱ्याच गळत्या पुठ्ठ्यावरच सापडतात, कारण थेंब कुठे पडला त्यावरून वर कुठे बघायचं ते कळतं. कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं रंगीत द्रव, घातलेलं असेल तर थेंब हिरवट किंवा लालसर दिसतो. नुसतं पाणी असेल आणि एसी चालू होता, तर तो थेंब एसीचाही असू शकतो. त्यासाठी तरी कूलंट घालाच.

थेंब पुढच्या बाजूला असेल तर रेडिएटरच्या तळाची नळी आणि जाळी बघा. इंजिनच्या एका कडेला, पट्ट्याजवळ असेल तर वॉटर पंप. पंपाच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. भोकाखाली पांढरी-हिरवी खपली दिसली, तर पंप बदलायचा. ते भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. असं करू नका, पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप रस्त्यातच जाम होतो. होज पाईप टोकांना फुगलेत का, दाबल्यावर कुरकुरतात का, क्लिपखाली भेग आहे का, बोट फिरवून बघा. ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडाला, ठोकून बसवलेल्या गोल पत्र्याच्या टोप्या गंजून झिरपतात. त्या आडोशाला असतात, म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. हीटर असेल तर डाव्या सीटपुढची मॅट उचलून हात लावा. मॅट ओली आणि काचेवर गोडसर वासाची वाफ, म्हणजे हीटरची जाळी गेली.

पुठ्ठा कोरडाच राहिला, तर झाकण बघा. जुन्या गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच. झाकणावर ०.९ सारखा आकडा असतो, तो दाब. त्या दाबाला पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली किंवा रबर चिरलेलं असेल तर तेच पाणी शंभरलाच उकळतं, घाटमाथ्यावर थोडं आधीच, आणि टाकीतून बाहेर सांडतं. झाकणात दुसरी, उलट्या बाजूने उघडणारी छोटी झडपही असते. गाडी थंड होताना टाकीतलं पाणी तीच परत आत ओढून घेते. रोज टाकी भरत चाललीय आणि रेडिएटर रिकामा होतोय, तर ही झडप तरी बिघडली किंवा टाकीची बारीक नळी तरी फुटली. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर बहुधा झडप चिकटलीय. झाकण स्वस्त आहे, पण त्याच आकड्याचं घ्या. जास्त दाबाचं लावलं तर जुना रेडिएटर फुटतो.

एवढं करूनही पाणी कमी होतंय, तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून घ्या. हा एक हातपंप असतो. थंड गाडीवर झाकणाच्या आकड्याइतका दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं बघायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, म्हणजे पाणी इंजिनच्या आत जातंय. हेड गॅसकेटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलचा, संशय इथे घ्यायचा, त्याआधी नाही.

गॅसकेटच्या खुणा अशा: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं, तर पाण्यात सतत बुडबुडे येतात. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी, गोडसर वासाची वाफ निघत राहते. तीन स्पार्क प्लगपैकी एकच अगदी धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. एका खुणेवर हेड उघडू देऊ नका. आमच्याकडे कोयनेच्या पावसात, गाडी रोज बाजारापर्यंतच जात असेल, तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नुसत्या दमटपणानेही जमते. डिपस्टिक स्वच्छ असेल तर एकदा लांब फेरी मारून परत बघा. गॅसकेट खरंच गेलं असेल, तर हेड काढल्यावर सपाटी तपासून फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, घ्याच. वाकलेल्या हेडवर नवीन गॅसकेट टिकत नाही.

पाणी पूर्ण आहे, तरी गाडी तापते, तर ती कधी तापते ते आठवा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर पंखा बघा. एसी असेल तर चालू करा, पंखा फिरायला हवा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत थर्मो स्विचच्या, म्हणजे पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचच्या, दोन वायरी असतील, तर त्या एकमेकींना जोडा. पंखा फिरला तर मोटर ठीक, स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले आणि मग मोटर. मोटर नवीन बसवली असेल तर जाळीसमोर कागद धरा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. वायरी उलट लागल्या की पंखा हवा बाहेर फेकतो. सुमो-बोलेरोसारख्या गाड्यांत पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं काऊलिंग शाबूत आहे का बघा. काम करताना काढतात आणि परत बसवत नाहीत. त्याशिवाय पंखा जाळीतून पुरेशी हवा ओढत नाही.

चढावर किंवा वेगात तापते, तर पाणी नीट फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदलाय. बाहेरून चिखल, गवताचं बी, किडे जाळीत अडकतात. इंजिनकडून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारून धुवा. जोराच्या पंपाने जाळीच्या पातळ पत्त्या आडव्या होतात. आतून बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. इंजिन तापवून बंद करा, बॅटरीची वायर काढा म्हणजे पंखा अचानक फिरणार नाही, आणि जाळीवर हात जवळ धरून फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या बंद आहेत. कोणाला रेस द्यायला सांगून खालचा होज बघा, तो आत चपटा होत असेल तर बदला. पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरत असेल तर पट्ट्याचा ताणही.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. त्याबद्दल मला ठामपणे सांगायचंय. "काढून टाका, गाडी थंड राहील" हा सल्ला ऐकू नका. काही इंजिनांत तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा देऊन जवळच्या वाटेने परत फिरतं आणि गाडी जास्तच तापते. बाकीच्यांत इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त लागतं, ऑइलमध्ये गाळ होतो. त्याऐवजी तो पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह टांगून गरम करा. अंगावर बहुधा ८२ असं कोरलेलं असतं. त्या सुमाराला उघडायला लागला आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला, तर तो चांगला आहे.

दुरुस्तीनंतर नळ्यांत अडकलेली हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं. थंड इंजिन सुरू करा आणि पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत हळूहळू भरत रहा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन काढा. चवीला गोड असल्यामुळे कुत्री आणि गुरं चाटतात, आणि ते विष आहे.

हळद टाकून गळती थांबवणं आमच्याकडे जुनं आहे. आडरानात अडकलात तर घरी पोचायला ती चालेल. मात्र पोचल्यावर रेडिएटर फ्लश करा, म्हणजे आतून धुऊन काढा, नाहीतर ती हीटरच्या बारीक नळ्यांत बसते. घाटात तापमानाचा काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण, आणि जागा मिळताच थांबा. काटा चढता चढता एकदम खाली पडला तर आनंदू नका. पाणी इतकं कमी झालंय की सेन्सर कोरडा पडलाय, त्याला आता तापमान कळतच नाही. त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी टो करून आणा.