घरचं माणूस आत गेलं तर त्याच्या तब्येतीसाठी काय करायचं

अटक झाली की अख्खं घर वकिलाच्या मागे धावतं आणि गोळ्या मात्र कपाटातच राहतात. आमच्या काकांचं तेच झालं, पंधरा वर्षांची शुगर, रोज इन्सुलिन, आणि दोन दिवस आम्हाला कोणालाच सुचलं नाही, मग तिसऱ्या दिवशी ते कोठडीतच चक्कर येऊन पडले. तुमच्याकडे असं होऊ नये म्हणून लिहून राहिलो.

सगळ्यात आधी जुन्या फायलीतून प्रिस्क्रिप्शन, शेवटचे रिपोर्ट, गोळ्यांची नावं आणि वेळा काढा, झेरॉक्स करा आणि अर्जासोबत पोलीस स्टेशनला द्या. एका कॉपीवर पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की गेलं. अटकेनंतर लगेच डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-जामिनाचा कायदा) कलम ५३ मध्ये तसं आहे, आणि कोठडीतल्या माणसाची तब्येत सांभाळणं ही ठेवणाऱ्याची जबाबदारी, ते कलम ५६. डॉक्टरसमोर जुना आजार आणि अंगावरची प्रत्येक जखम सांगायला त्याला आधीच समजावून ठेवा, घाबरून माणूस "काही नाही" म्हणून मोकळा होतो.

२४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेतात (प्रवासाचा वेळ सोडून). तिथे काही तक्रार आहे का विचारलं तर तेव्हाच औषधाचं बोलायचं, आणि वकिलाला सांगून औषधं चालू ठेवण्याचा आदेश मागायचा. वकील लावायला पैसे नसतील तर आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००. जामिनाच्या अर्जात आजार कागदांसकट टाका, आजारी माणसाचा वेगळा विचार करायची मुभा त्याच कायद्याच्या कलम ४८० मध्ये आहे.

एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला की वर्धा रोडच्या सेंट्रल जेलला. बाहेरच्या गोळ्या गेटवर सहसा तशाच घेत नाहीत, म्हणून कोर्टाचा आदेश आणि फाईल जेलच्या डॉक्टरपर्यंत पोचली का ते मुलाखतीत (जेलमधल्या भेटीत) विचारा. जेवतो का, झोपतो का, खोकला आहे का हेही विचारा. बराकीत गर्दी असते, टीबी पटकन पसरतो, दोन आठवड्यांवर खोकला गेला की थुंकी तपासायचा अर्ज द्या. आणि मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा आपल्याला घरात कूलरपुढे सहन होत नाही, म्हातारं माणूस असेल तर पाण्याचं आवर्जून विचारा.

पहिले काही दिवस मनासाठी फार वाईट असतात. तो गप्प झाला, "आता काही उरलं नाही" असं बोलायला लागला तर ते रागावर घालवू नका, त्याच दिवशी अधीक्षकांच्या नावाने लेखी द्या आणि वकिलालाही कळवा. शिव्या देऊ नका, केस काय व्हायची ती होईल.

घरच्यांचंही बघा. काकूंचं बीपी त्या महिन्यात असं वाढलं की त्यांनाच मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) न्यावं लागलं, शेजारी बोलतात म्हणून त्या बाहेरच पडत नव्हत्या. मन मोकळं करायला टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.

सुटका झाल्यावर जेलमधले उपचाराचे कागद मागून घ्या. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव टाका, कोर्स कमीत कमी ६ महिन्यांचा असतो आणि मध्ये खंड पडलेला चालत नाही.